पोळ्याच्या दिवशीचा मार

बाबा,

भाऊ सुटला. आज सकाळच्या खामगावच्या मोटारीने तो मेहकरला आला आणि आता आमच्या ओसरीवर बसला आहे. चौदा वर्षांनी मी त्याला पाहिलं. केस पांढरे झालेत, पुढचे दोन दात नाहीत, आणि वय म्हणाल तर अवघं अडतीस. खांद्यावर घोंगडी आणि हातात एक गाठोडं, त्यात तुरुंगात स्वतःच्या हाताने विणलेली सतरंजी. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "तुह्यासाठी आनली." मग तांब्याभर पाणी एका दमात प्यायला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, चार-सा महिने इथं राहू देशीन काय मले? काम भेटलं का चाल्ला जाईन." मी म्हटलं, "हे येऊ देत घरी, मग बोलू." हे म्हणजे तुमचे जावई. आज रविवार, शाळेला सुट्टी, म्हणून ते गावात गेलेत. संध्याकाळपर्यंत मला भावाला उत्तर द्यायचं आहे, हो की नाही. ज्या माणसाने आपल्या बायकोला जिवानिशी मारलं, त्याला माझ्या दोन लेकरांच्या घरात ठेवायचं की नाही. त्याच्याशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून आत आले आणि शाळेची एक कोरी वही काढली. तुमच्याशी बोलायचं तेवढं मात्र भरपूर साचलेलं आहे.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंत होतात तेव्हा बाप म्हणून बोलू नये, कोर्टात घरची अब्रू म्हणून बोलू नये, आणि आता मेलात म्हणून बोलू नये. मग बोलायचं तरी कधी? माहेरी वडनेरला मी क्वचित जाते, पण गेले की कुणी ना कुणी म्हातारा भेटतोच आणि तुमचं गुणगान सुरू करतो. "तुहा बाप म्हंजे बैलाईवर जीव टाकनारा मानूस. असा गडी आता होत नाही." मी हसून मान हलवते. घरी आल्यावर दोन दिवस माझं डोकं ठणकतं. खोटं काहीच नसतं त्या बोलण्यात, हाच तर संताप आहे. मोटेवर तुम्ही बैलांशी गुजगोष्टी करायचात, ते दमले की विहिरीच्या धावेवर थांबून त्यांच्या तोंडावरून पाणी फिरवायचात. रस्त्यात कुणी बैलाला पराणीची टोकदार आर टोचलेली दिसली की तुम्ही त्याच्या अंगावर धावून जायचात. "मुकं जनावर हाये बे, त्याले बोलता येत नाही!" असं तुम्ही भर बाजारात ओरडलेलं मी या कानांनी ऐकलंय. आणि ज्याला बोलता येत होतं, जो "बाबा नका मारू, बाबा नका मारू" म्हणत होता, त्याचं तुम्हाला कधी ऐकू आलं नाही.

मला जी पहिली गोष्ट आठवते ती मळ्यातली आहे. भाऊ आठ वर्षांचा, मी पाच. त्याला तुम्ही मोट हाकायला लावलंत, कारण गडी आला नव्हता. आठ वर्षांच्या पोराला ती जोडी आवरणार होती का? बैल वेळेआधी फिरले, भरलेली मोट विहिरीच्या काठावर आपटली आणि चामडं फाटलं. तुम्ही आधी बैल सोडलेत, त्यांना सावलीत बांधलंत, चारा टाकलात. मग आसूड घेऊन आलात. हे मी विसरू शकत नाही. रागाच्या भरात माणूस हात उचलतो, असं लोक म्हणतात. तुम्ही रागाच्या भरात नव्हता. तुम्हाला बैलांना चारा टाकण्याइतका धीर होता. भाऊ तोवर जागचा हलला नव्हता, कारण पळालं तर दुप्पट बसतो हे त्याला ठाऊक होतं. वांग्याच्या वाफ्यात उभी राहून मी पाहत होते, आणि माझ्या पायांखालून पाटाचं पाणी वाहत होतं. मारून झाल्यावर तुम्ही त्याला गोठ्यात खुंट्याला बांधलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी मायने सोडवलं.

मायचं नाव घेते आहे, पण तिच्यावर मला रागावता येत नाही. तुम्ही ओसरीवर खाकरलात तरी तिच्या हातातलं भांडं वाजायचं. मी चौदाची असताना ती गेली, आणि गेली तीसुद्धा आवाज न करता. असो. मला लिहायचं आहे ते पोळ्याचं.

भाऊ दहा वर्षांचा होता. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी. तुम्ही नाल्यावर जोडी धुऊन आणलीत, दाव्याला बांधलीत, आणि मला हळद-तुपाची वाटी धरायला उभं केलंत. पळसाचं पान कोमट तुपात बुडवून तुम्ही बैलांचे खांदे शेकत होतात. वर्षभर जू ओढून जिथे घट्टे पडतात, नेमकं तिथे, हलक्या हाताने. आणि म्हणत होतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बाबा, तुमचा आवाज इतका मऊ असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. भाऊ गोठ्याच्या दारात उभा होता. चार दिवसांपूर्वीच्या माराचे वळ त्याच्या पाठीवर होते, दोन ठिकाणी कातडं फुटून सदरा चिकटला होता. तुम्ही शेकून झाल्यावर वाटीत थोडं तूप उरलं. ते तुम्ही पुन्हा डाव्या बैलाच्या खांद्यावर चोळलंत. भाऊ बघत होता. तो काही म्हणाला नाही. मीही म्हणाले नाही, की बाबा, एक बोट इकडे लावा. सात वर्षांच्या पोरीला ते सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. भीती वाटली.

त्या दिवशी आम्ही दोघं नाल्यावर गेलो असताना तो मला म्हणाला, "उद्या मार नाही." मी विचारलं, "काऊन?" तो म्हणाला, "उद्या पोळा हाये ना वो. उद्या आसूड खुंटीवर राह्यते. बैलाले कोनी मारत नाही, वखराले जुपत नाही. उद्या कोनालेच मार नाही." आपल्याकडे पोळ्याला बैलावर आसूड उचलत नाहीत, हा नेम. तो त्याने तुमच्याच तोंडून ऐकला होता आणि आपल्यालाही लागू आहे असं समजून बसला होता. घरात नेम आहे म्हणजे सगळ्यांना आहे, असं दहा वर्षांच्या पोराला वाटलं. किती खूश होता तो! नाल्यात दगड फेकत होता, उगाच हसत होता. वर्षात एक दिवस आपला आहे, असा त्याचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जोडी सजवलीत. शिंगांना रंग, नवी वेसण, नवा कासरा, कपाळाला बाशिंग. आसुडालासुद्धा नवा लाल गोंडा बांधून तुम्ही तो खुंटीवर टांगलात. तोरणाखाली सगळ्या गावाचे बैल उभे राहिले आणि तुम्ही तिकडे गेलात. घरात मायने पुरणाच्या पोळ्या केल्या, बैल परत आले की त्यांचे पाय धुवायचे, ओवाळायचं, त्यांना पोळी भरवायची, मग माणसांनी जेवायचं. ते ताट भिंतीतल्या देवळीत झाकून ठेवलेलं होतं. भाऊ आत आला, त्याने झाकण काढलं आणि वरची पोळी उचलून खाल्ली. चोरून नव्हे, माझ्यासमोर, मांडी घालून, तुपाचे हात चाटत. मला अर्धी देत होता. मी घेतली नाही. माय चुलीपाशी पाठमोरी होती.

बैल आले, तुम्ही ताट उघडलंत, आणि पोळ्या मोजल्यात. "काऊन बे, बैलाच्या तोंडची पोळी कोनं खाल्ली?" भाऊ पुढे आला. तो घाबरला नव्हता, बाबा. तेच मला आजही बघवत नाही. त्याच्या तोंडावर हसू होतं. म्हणाला, "म्या खाल्ली. आज पोळा हाये बाबा, आज मारत नसते." अंगणात शेजारची माणसं होती, ती हसली. तुम्हीही क्षणभर हसलात असं मला वाटतं. मग तुम्ही खुंटीवरच्या आसुडाकडे पाहिलंत आणि त्याला हात लावला नाहीत. नेम म्हणजे नेम. तुम्ही कोपऱ्यात पडलेला मोटेचा ओला दोर उचललात आणि म्हणालात, "पोळा बैलाचा हाये बे. तुहा नाही."

किती मारलंत ते मी लिहिणार नाही. मला अजून संध्याकाळचा स्वयंपाक करायचा आहे. शेजारच्यांपैकी एकजण "राहू द्या आता, सनाचा दिवस हाये" म्हणाला, तेव्हा दुसरा म्हणाला, "पोरगं हाये, मार खाल्ल्याबिगर सुदरत नाही." मायने तोंडात पदर कोंबला होता. आणि बाशिंग बांधलेली जोडी दाव्याशी शांतपणे पोळी खात उभी होती. मार खाताना भाऊ त्या दिवशी एकदाही रडला नाही, हे मात्र मला लख्ख आठवतं. त्याच्या आधी तो रडायचा, विनवण्या करायचा. त्या दिवसापासून बंद. तुम्ही पुढे लोकांना कौतुकाने सांगायचात, "आता कसा टनक झाला पाहा. सुदरून राह्यला." सुधारला? बाबा, त्याच्या आतलं काहीतरी त्या दिवशी उठून निघून गेलं आणि ते परत कधी आलं नाही. नेम असला तरी आपल्यासाठी नसतो, हे तो शिकला. ज्याच्या हातात दोर आहे तो नेमाला वळसा घालू शकतो, हेही शिकला. दोन्ही धडे तुमचे. शाळेत त्याला एवढं काही नीट शिकवता आलं नाही.

मी आता इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. टेबलावर छडी असते, छडी लागे छमछम म्हणणारे पालकही असतात. पोरगी पोचवायला आलेला बाप सांगून जातो, "बाई, हाडं आमची, कातडं तुमचं." पहिल्या वर्षी एकाने असं म्हटलं तेव्हा मी त्याला इतकी बोलले की हेडबाईंनी मला बोलावून घेतलं. पुढे शिकले. आता मी फक्त "बरं" म्हणते आणि छडीला हात लावत नाही.

भाऊ पंधराचा असताना मी आणखी एक गोष्ट पाहिली, ती तुम्हाला कधी सांगितली नाही. भर दुपारची वेळ, तुम्ही नांदुऱ्याच्या बाजाराला भाजी घेऊन गेला होतात. मी मळ्यात भाकर घेऊन गेले तर भाऊ तुमच्या त्या लाडक्या डाव्या बैलासमोर उभा होता. बैल आखूड बांधलेला, आणि भाऊ काठीने त्याच्या तोंडावर मारत होता. ओरडत नव्हता, शिवी देत नव्हता. आपलं एक काम करावं तसं मारत होता. मला पाहून थांबला, काठी टाकली आणि माझ्या हातातलं फडकं घेऊन भाकर खायला बसला. दोन दिवस बैलाच्या डोळ्यातून पाणी गळत होतं. काटा लागला असेल म्हणून तुम्ही औषध घातलंत, रात्रंदिवस त्याच्याजवळ बसलात. मी गप्प होते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही भावाला ठार मारलं असतं. आणि तुमच्यापर्यंत भावाचा हात पोचत नव्हता म्हणून तो बैलापर्यंत गेला, हे मला बाराव्या वर्षीही कळलं होतं. कळून करायचं काय ते कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारं होतं कोण?

मग वहिनी आली. पंधरा वर्षांची, मलकापूरकडची, चालताना पायातलं जोडवं वाजू नये म्हणून टाच टेकवून चालणारी. मी तेव्हा लग्न होऊन मेहकरला आले होते, पण दिवाळीला माहेरी आले की ती मला सोडायची नाही. मेथी निवडता निवडता एकदा तिने हळूच बाही वर केली. दंडावर निळं-काळं होतं. म्हणाली, "बाई, तुमच्या घरी सारेच असे मारतेत काय वो?" आणि मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, "बाबा तर यापरीस जास्त मारत होते. सोसा थोडं, निवते तो." हे मी म्हणाले. शिकलेली, मास्तरची बायको. तिने बाही खाली केली आणि मेथी निवडायला लागली. तुम्ही त्या घरात होता, बाबा. तुम्हाला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही ओसरीवर बसून सुपारी कातरत होतात. तुमच्या लेखी नवरा बायकोला मारत होता, त्यात बोलण्यासारखं काय आहे.

दोन वर्षांनी ज्येष्ठात ती मळ्यात भाकर घेऊन उशिरा पोचली. एवढंच घडलं होतं. वाटेत ओढ्याला पाणी आलं होतं म्हणून वळसा घालून आली होती. भावाने फावड्याचा दांडा उचलला. सतरा वर्षांची पोर ती. मग तो तिथेच बांधावर बसून राहिला, पळाला नाही, आणि वाटेने जाणाऱ्याला म्हणाला, "पाटलाले सांगा, म्या बायको मारली." फौजदाराने चार दिवस गावात बसून विचारलं, दारू पीत होता का, बाईचं काही वाकडं पाऊल होतं का, जमिनीचा वाद होता का. काहीच निघेना. शेवटी सगळे म्हणाले, क्षुल्लक कारण. अकोल्याच्या सेशन कोर्टातही हाच शब्द. क्षुल्लक! मी तो शब्द ऐकला तेव्हा मला वाटलं, उठून ओरडावं. बांधावर जे घडलं त्याचं कारण बांधावर शोधत होते सगळे. ते आपल्या गोठ्यात होतं, खुंटीवर होतं, कोपऱ्यात ओल्या दोरात होतं. तिथे कुणी गेलं नाही.

मी त्याला निर्दोष म्हणत नाही. हे नीट ऐका, कारण इथे माझा राग दोन्हीकडे आहे. मार मीही खाल्ला, त्याच्याइतका नाही, पण खाल्ला. गावातली निम्मी पोरं मार खाऊनच मोठी झाली. सगळ्यांनी खून केले नाहीत. दांडा त्याने उचलला, त्याच्या हाताने उचलला, आणि त्या पोरीने त्याचं काहीही केलं नव्हतं. तिची आई कोर्टात रोज यायची आणि भिंतीला टेकून बसायची, मी तिच्यासमोरून मान खाली घालून जायचे. त्या बाईचं देणं आमच्या घराकडून कधी फिटायचं नाही. तो चौदा वर्षं आत राहिला ते बरोबरच झालं. पण तुम्ही? तुम्ही एक दिवसही आत राहिला नाहीत.

भावाचा वकील मला भेटायला इथे आला होता. पोरगा कसा वाढला ते तुम्ही कोर्टात सांगा, म्हणाला, फाशी टळायला उपयोग होईल. मी हो म्हणणार होते. दुसऱ्याच दिवशी तुम्ही आलात. कधी नव्हे ते माझ्यासाठी हिरवं लुगडं आणि टोपलीभर वांगी घेऊन. मला पाचवा महिना होता. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात, आयुष्यात पहिल्यांदा, आणि म्हणालात, "घरची गोष्ट चव्हाट्यावर न्यायाची नसते बाई. पोरगं त गेलं, आता बापाची तरी अब्रू राहू दे." ते लुगडं मी घेतलं. साक्षीला गेले नाही. आणि तुम्ही पिंजऱ्यात उभे राहून, देवाची शपथ घेऊन सांगितलंत, "म्या त्याले फुलासारखं वाढवलं साहेब." भाऊ समोर उभा होता. त्या दिवशी मी कोर्टात नव्हते; त्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं नाही, असं लोक म्हणतात. वय पाहून त्याची फाशी टळली आणि जन्मठेप झाली. माझ्या साक्षीवाचून टळली. मला आपलं म्हणायला तेवढंही ठेवलं नाही नशिबाने.

दोन वर्षांनी तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मीच आले होते, आठवतं? कंबर धरली होती, वीट तापवून फडक्यात गुंडाळून मी तुमची पाठ शेकत होते. सदरा पहिल्यांदा काढलात तुम्ही माझ्यासमोर. पाठभर पांढरे पट्टे. जुने, खोल, कातडीत मुरलेले. मी विचारलं, "हे काय हो बाबा?" तुम्ही म्हणालात, "लहानपनी बुढ्यानं मारलं होतं. तसाच होता तो." आणि कूस बदललीत. मी वीट पुन्हा तापवायला गेले आणि चुलीपाशी बसून राहिले. लोकांना वाटेल, मला तुमची कीव आली असेल. मला इतका राग आला की ती तापली वीट तशीच तुमच्या पाठीवर ठेवावी असं वाटलं. तुम्हाला ठाऊक होतं, बाबा! ओला दोर कातडीवर कसा बसतो, फुटल्या पाठीवर सदरा कसा चिकटतो, हे तुम्हाला पाठ होतं. ठाऊक नसतं तर मी तुम्हाला कधीतरी माफ केलं असतं. आता कुणी मला सांगेल की तुमच्या बापाने तुम्हाला मारलं म्हणून तुम्ही मारलंत. आणि त्याला कुणी मारलं? त्याच्या बापाने? असं वर वर चढत गेले तर दोष द्यायला कुणी उरणारच नाही, सगळे बिचारेच निघतील. मी तुमच्यापाशी थांबणार आहे. कारण तुमचे हात मऊ होऊ शकत होते. वाटी धरून मी उभी होते, मी पाहिलंय.

मघाशी भावाला जेवायला वाढलं. ताट घेऊन ओसरीवर गेले आणि वाकले, तेवढ्यात तो पाट सरकवायला एकदम उठला. माझा हात आपोआप डोक्यावर गेला. ताटातली आमटी सांडली. त्याने ते पाहिलं. तो खाली बसला, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घातले आणि म्हणाला, "तू ठेव ताट. तू आत गेली का मंग खातो मी." मी आत आल्यावर दाराच्या फटीतून पाहिलं. बराच वेळ तो तसाच हातांवर बसून होता. आमटी निवून गेली तेव्हा कुठे त्याने एक हात काढला. बाबा, आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताला भिणारं पोर आता स्वतःच्या हातांना भितं. एवढं तुम्ही घडवलंत. तुमचं काम पाहायला तुम्ही हवे होतात आज इथे.

ही पानं कुठे पाठवायची नाहीत. मेल्याच्या नावाने टपाल जात नाही, आणि जात असतं तरी तुम्ही ती कुणाकडून तरी वाचून घेऊन म्हणाला असता, पोरगी फार शिकली. संध्याकाळी चुलीला लागतील.

पण एक सांगायचं राहिलं. "हे येऊ देत घरी, मग बोलू," असं मी भावाला म्हणाले ते खोटं होतं. नागपूरच्या तुरुंगातून त्याचं सरकारी शिक्क्याचं पोस्टकार्ड आलं त्याच दिवशी हे म्हणाले होते, "तुझा भाऊ आहे, राहू दे." त्यांचा होकार केव्हाच झाला आहे. अडलंय ते माझं. दोन्ही मुलांना मी मोटार यायच्या आत शेजारी पाठवून दिलं. मामा येणार हेसुद्धा त्यांना सांगितलं नाही. आणि हे सगळं लिहीत बसले आहे ते आतून कडी लावून. तिन्हीसांजेला मी बाहेर जाईन आणि त्याला राहा म्हणेन, कारण तो माझा भाऊ आहे आणि या जगात त्याला दुसरं दार नाही. पण मुलं आतल्या खोलीत माझ्याजवळ निजतील, आणि कडी रोज लागेल. ओसरीवर त्याला कडीचा आवाज ऐकू जाईल. हे त्याला तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात नाही. तुम्ही मेलेले आहात, म्हणून तुम्हाला सांगितलं.